नांव आणि काम
(नभोवाणीवरील भाषण)

नाशिकहून आग्रा रस्त्यानें ईशान्येस निघालें म्हणजे दहा-बारा मैलांवर ओझर लागतें. बाणगंगेच्या कांठचें हें गांव सरकारी कागदपत्रांत 'ओझर तांबट' या नांवानें नोंदलेलें आढळतें. आज मात्र ओझर म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो १९६४ पासूनचा विमानांचा कारखाना. तांबटाचा हातोडा आणि विमानाचें यंत्र यांत अंतर केवढें! तरी एका गोष्टींत दोघांचा धर्म एकच आहे. तांब्याचें भांडें गिऱ्हाईक वाजवून घेतें. आणि विमानाचा लहानसा भाग देखील, तो कोणीं घडविला व कोणीं तपासला ह्या नोंदीवांचून पुढें सरकत नाहीं. भांडें फुटकें निघालें तर पाणी गळेल. विमानाचा भाग खोटा निघाला तर माणसें मरतील. म्हणून दोन्ही ठिकाणीं नांव आणि काम यांची गांठ पक्की बांधलेली असते. विद्येच्या क्षेत्रांत हीच गांठ सैल झाली म्हणजे काय होतें, ह्याचा विचार आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे.

हा विचार सुचण्यास कारण झालें तें असें. ओझरांत राहणारा व नाशिकच्या बाजूच्या एका महाविद्यालयांत शिकविणारा, माझ्या परिचयाचा एक तरुण अध्यापक मध्यंतरीं मजकडे आला. वाघाड कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्यांनीं १९९१ च्या सुमारास ओझर परिसरांत पाणीवापर संस्था काढल्या. त्यांच्या कारभारावर त्यानें एक निबंध लिहिला होता. निबंध परिश्रमाचा होता. त्याच्याबरोबर एका नियतकालिकाचें पत्रही होतें. ठराविक रक्कम भरा, आठ दिवसांत निबंध छापून प्रमाणपत्र घरपोंच मिळेल, असा त्या पत्राचा मथितार्थ. निबंध कोण वाचणार, चुका कोण दाखविणार, संपादक कोण व ते कोठें राहतात, ह्यांविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. "बढती अडून राहिली आहे, पैसे भरून मोकळा होऊं काय?" असें त्यानें विचारलें. प्रश्न सरळ होता, पण मला सरळ उत्तर देववेना. मीं म्हटलें, "रविवारीं आपण पांडवलेण्यांवर जाऊं. उत्तर तेथें सांपडण्यासारखें आहे."

नाशिक ओलांडून मुंबईच्या रस्त्यानें चार-पांच मैल गेलें म्हणजे त्रिरश्मि डोंगर लागतो. त्याच्या कुशींत चोवीस लेणीं आहेत. पांडवांचा त्यांच्याशीं संबंध नांवापुरताच. तीं बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठीं व उपासनेसाठीं कोरलेलीं आहेत. दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकीं एकांत भिक्षुसंघासाठीं ठेवलेल्या रकमेचा चोख हिशेब आहे. तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेंकडा एक दरानें आणि एक हजार शेंकडा पाऊण दरानें. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं. व्याजांतून भिक्षूंच्या वस्त्रांचा व किरकोळ गरजांचा खर्च भागवावयाचा. आणि हें सर्व निगमसभेंत वाचून ऐकविलें व रीतीप्रमाणें फलकावर नोंदविलें, असेंही तेथें स्पष्ट कोरलें आहे.

उषवदात राजाचा जांवई होता. त्याच्या शब्दावर शंका घेण्याची कोणाची छाती झाली असती? तरी त्याला सभेंत ऐकविण्याची व दप्तरीं नोंद करण्याची आवश्यकता वाटली. प्रकाशन ह्या शब्दाचा मूळ अर्थ उजेडांत आणणें हाच आहे. ज्याला तपासून पाहावयाचें असेल त्याला तपासतां यावें, अशा जागीं आपला शब्द ठेवणें म्हणजे प्रकाशन. नुसतें छापणें म्हणजे प्रकाशन नव्हे. तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचीं अठराव्या व चोविसाव्या राज्यवर्षांतील दानपत्रें आहेत. तेथें राजाच्या नांवाबरोबर अमात्यांचीं, लेखनाचीं व अंमलबजावणीचीं कामें करणाऱ्यांचीं नांवेंही कोरलेलीं सांपडतात. राजाचें नांव मोठें, म्हणून लिहिणाऱ्याचें नांव पुसून टाकावें असें त्या काळच्या दप्तरास वाटलें नाहीं.

आतां ह्याच लेखांच्या वाचनाचा इतिहास पाहूं. कारण विद्वत्प्रकाशनाची नीति म्हणून आज जी सांगितली जाते, ती ह्या डोंगरावर एकोणिसाव्या शतकांत पायरीपायरीनें घडतांना दिसते.

१८५३ मध्यें रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन यांनीं मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकांत नाशिकच्या लेखांचें वाचन प्रसिद्ध केलें. त्यांच्यासमोर लेफ्टनंट ब्रेट यांनीं नजरेनें उतरून घेतलेल्या नकला होत्या. नजरेची नकल किती झालें तरी नजरेचीच. दगडावरील ओरखडा मात्रेसारखा दिसतो आणि खरी मात्रा डोळ्याआड होते. त्यामुळें त्या वाचनांत चुका राहिल्या. परंतु नकला कोणाच्या हें छापलेलें असल्यामुळें चूक कोठें शिरली हें पुढच्याला शोधतां आलें. पुढें वेस्ट बंधूंनीं अधिक काळजीपूर्वक नव्या नकला केल्या. त्यांच्या आधारें रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं लेखांचें नवें वाचन व भाषांतर सिद्ध केलें आणि १८७४ मध्यें लंडन येथें भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेकडे पाठविलें. भांडारकर स्वतः जाऊं शकले नाहींत. त्यांचा निबंध गेला. १८८३ मध्यें मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिक जिल्ह्याचा खंड निघाला, त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं केलेलें लेण्यांचें वर्णन व लेखांचें वाचन आलें. त्याच वर्षीं ब्यूलर यांचें वाचन निराळें प्रसिद्ध झालें. शेवटीं १९०५-०६ मध्यें एमील सेनार या फ्रेंच पंडितानें 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडांत सर्व लेख पुन्हां संपादिले.

सेनार यांची ती आवृत्ति अवश्य उघडून पाहावी. पूर्वीं हा लेख कोणीं कोणीं वाचला, ह्याची नोंद तेथें आहे. कोणत्या अक्षराविषयीं कोणाचें काय मत होतें, तें तळटीपांत आहे. आणि दगडावरून घेतलेल्या ठशांचीं चित्रेंही सोबत आहेत, म्हणजे वाचकाला वाटल्यास त्यानें सेनार यांनाही खोटें ठरवावें! पन्नास वर्षांत पांच वाचनें झालीं. प्रत्येकानें आधीच्याची चूक काढली. पण चूक काढणाऱ्यानें आधीच्याला लपविलें नाहीं, आणि चूक झालेल्यानें आपला आधार लपविला नव्हता. म्हणून ज्ञान पुढें गेलें.

अशा वाचनाची कसोटी लवकरच लागली. १९०६ मध्यें नाशिकजवळ गोदावरीच्या कांठीं जोगलटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. नाणीं होतीं सुमारें १३,२५० आणि सर्व नहपानाचीं. त्यांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हां मारलेला होता. क्षहरातांचा गौतमीपुत्रानें उच्छेद केला, असें तिसऱ्या लेण्यांतील गौतमी बलश्रीचा लेख सांगतो. जमिनींतून निघालेल्या चांदीनें त्याची साक्ष दिली. ती साक्ष पटली, कारण लेखाचें वाचन उघड्यावर होतें आणि नाण्यांची मोजदादही उघड्यावर झाली. दोहोंपैकीं एक जरी कोणाच्या पेटींत बंद असतें, तरी हा मेळ बसला नसता.

परंतु, श्रोतेहो, हें चित्र इतकें निर्मळ नाहीं. त्यांत एक डाग आहे, आणि तो ज्यांच्याविषयीं आपणांस आदर आहे अशांच्याच चरित्रांत आहे. डॉक्टर भाऊ दाजी लाड हें नांव महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. गोमंतकांतील मांद्र्याचा हा मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून पहिल्या तुकडींत बाहेर पडला, नांवाजलेला वैद्य झाला, आणि प्राचीन इतिहासाच्या संशोधनांत त्यानें युरोपियन पंडितांच्या बरोबरीनें स्थान मिळविलें. त्यांनीं १८६१ च्या सुमारास जुनागडहून एका तरुणास आपल्याकडे बोलावून घेतलें. तो तरुण म्हणजे भगवानलाल इंद्रजी. १८३९ मध्यें जन्मलेल्या ह्या मुलानें गिरनारच्या पायथ्याच्या खडकावरील प्राचीन लिपि बहुतेक स्वतःच्या बळावर शिकून घेतली होती. इंग्रजी विद्येचा आधार त्याला फारसा नव्हता.

पुढें जवळजवळ बारा वर्षें भगवानलालांनीं भाऊ दाजींसाठीं प्रवास केला. पश्चिम हिंदुस्थानांतील लेणीं, पुढें उत्तर हिंदुस्थान, आणि शेवटीं नेपाळ. ऊन, पाऊस, ताप, जंगल यांची पर्वा न करतां ते कपारींत बसून लेख उतरून घेत. मुंबईस निबंध वाचले जात, छापले जात, वाखाणले जात. आणि त्यांवर नांव असे तें भाऊ दाजींचें. निबंधांतील विचार व मांडणी भाऊ दाजींची होती हें खरें. पण ज्या अक्षरांवर तो विचार उभा होता, त्या अक्षरांपाशीं गुडघे टेकून बसलेला माणूस वाचकाला बहुधा दिसत नव्हता.

भाऊ दाजींस दोषी ठरवून मोकळें होणें सोपें आहे. तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांनीं भगवानलालांना वेतन दिलें, संशोधनाची शिस्त दिली, मुंबईच्या विद्वन्मंडळांत त्यांचा प्रवेश करून दिला. द्रव्य पुरविणाऱ्याचें नांव निबंधावर यावें आणि नकला करणारा पगारी माणूस म्हणून मागें राहावा, ही त्या काळची चालच होती. स्वतः भगवानलालांनीं भाऊ दाजींना आपले गुरु मानलें, व ती कृतज्ञता शेवटपर्यंत राखली. पण शिष्याच्या कृतज्ञतेमुळें गुरूचें ऋण फिटत नाहीं. भाऊ दाजी १८७४ मध्यें वारले. आणि त्यानंतरच भगवानलालांचें नांव स्वतंत्रपणें नियतकालिकांत झळकूं लागलें. नाणेघाटांतील अंकांवरचा त्यांचा निबंध १८७६ चा आहे. चौदा वर्षांच्या तपश्चर्येनंतर जें पांडित्य एकाएकीं प्रकट झालेलें दिसतें, तें वस्तुतः एकाएकीं आलेलें नव्हतें. तोंपर्यंत त्याला नांव नव्हतें एवढेंच.

ह्याच्या उलट पुढील वागणूक पाहा. भगवानलाल गुजराथींत लिहीत. ब्यूलर तें इंग्रजींत आणीत. १८८० मध्यें नेपाळांतील लेख प्रसिद्ध झाले, ते दोघांच्या नांवें, आणि त्यांत पहिलें नांव पंडितजींचें. १८८१ मध्यें पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांच्या लेखांचें पुस्तक निघालें. त्यावर बर्जेस यांच्या जोडीला भगवानलालांचें नांव आलें. १८८४ मध्यें हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें त्यांना सन्मान्य डॉक्टर केलें. १८८८ मध्यें ते वारले, तेव्हां त्यांचे कागद अपुरे पडले होते. मेलेल्या माणसाच्या कागदांसारखी निराधार वस्तु जगांत दुसरी नाहीं. ते कोणीं उचलले तर फिर्याद कोण करणार? परंतु पश्चिम क्षत्रपांवरील त्यांचा निबंध रॅप्सन यांनीं संपादून १८९० मध्यें छापला तो भगवानलालांच्याच नांवें. मथुरेच्या सिंहस्तंभशीर्षावरील लेखांचें त्यांचें वाचन ब्यूलर यांनीं १८९४ मध्यें प्रसिद्ध केलें, तेंही त्यांचें म्हणूनच. ह्या गृहस्थांना तेव्हां कोणत्याही समितीचा नियम बांधीत नव्हता. नियतकालिकांच्या संपादकांनीं प्रकाशननीतीसाठीं समिति स्थापन केली ती लंडनमध्यें, १९९७ सालीं. म्हणजे शंभर वर्षांनंतर.

हें सर्व त्या तरुण अध्यापकाला मीं लेण्यांच्या ओट्यावर बसून सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकलें आणि म्हणाला, "पण त्या लोकांना बढतीसाठीं निबंध मोजून द्यावे लागत नव्हते." त्याचें म्हणणें खरें होतें, आणि तें टाळून पुढें जातां येत नाहीं.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ च्या नियमांनीं पीएच.डी.च्या प्रबंधापूर्वीं निबंध छापणें आवश्यक केलें, आणि २०१० च्या नियमांनीं अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांच्या बेरजेला बांधल्या. हेतु चांगला होता. अध्यापकानें संशोधन करावें. पण जेथें मोजणी आली तेथें मापांत पाप आलें. निबंध छापून देणाऱ्यांचीं दुकानें उघडलीं. त्यांना आळा घालण्यासाठीं आयोगानें २०१७ मध्यें मान्य नियतकालिकांची यादी केली, आणि तींत नांवें सुचविण्यास विद्यापीठांनाच सांगितलें. मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठांतील भूषण पटवर्धन, शुभदा नागरकर व त्यांचे सहकारी ह्यांनीं ती यादी तपासावयास घेतली. नाशिक जिल्ह्यांतील महाविद्यालयें ह्याच विद्यापीठाला जोडलेलीं आहेत, हें येथें लक्षांत घ्यावें. त्यांची तपासणी २०१८ मध्यें 'करंट सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. विद्यापीठांनीं सुचविलेल्यांपैकीं १,००९ नियतकालिकें त्यांनीं पाहिलीं. शेंकडा ३४.५ नियतकालिकांचा पत्ता, संपादकांचीं नांवें अशी मूलभूत माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. आणखी शेंकडा ५२.३ नियतकालिकांनीं खोटी माहिती दिलेली होती किंवा त्यांच्या संपादकांची योग्यता हिणकस होती. एकूण शेंकडा ८८ हून अधिक नियतकालिकें हलक्या प्रतीचीं असावींत, असा निष्कर्ष निघाला. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार! आयोगानें त्या वर्षीं ४,३०५ नियतकालिकें यादींतून काढून टाकलीं. २०१९ मध्यें अधिक कसोशीनें केलेली नवी यादी आली. तिची मुख्य कचेरी पुणें विद्यापीठांतच होती. २०२५ च्या फेब्रुवारींत तीही बंद झाल्याचें जाहीर होऊन निवडीचा भार पुन्हां संस्थांवर व अध्यापकांवर आला. मध्यंतरीं २०२२ च्या नियमांनीं पीएच.डी.पूर्वीं निबंध छापण्याची सक्तीही गेली होती.

याद्या येतात आणि जातात. पण वरच्या टक्क्यांत काय दिसतें तें पाहा. तेथें संपादकाचें नांव नाहीं, पत्ता नाहीं, परीक्षक नाहीं. उषवदातानें निगमसभेंत जें ऐकविलें व फलकावर जें नोंदविलें, त्याच्या नेमकें उलट हें आहे. हीं नियतकालिकें छापतात पुष्कळ, प्रकाशित कांहींच करीत नाहींत.

दुसऱ्याचे शब्द चोरणें ह्या दोषासाठींही आयोगानें २०१८ मध्यें नियम केले. प्रबंधांतील साम्य शेंकडा १० पर्यंत असल्यास दंड नाहीं. ४० पर्यंत असल्यास सुधारून पुन्हां द्यावा. ६० पर्यंत असल्यास वर्षभर बंदी. त्यापुढें नोंदणीच रद्द. साम्य संगणक मोजतो, आणि तें काम तो चांगलें करतो. परंतु एक गोष्ट त्याला मोजतां येत नाहीं. चोरलेले शब्द त्याला दिसतात. चोरलेले श्रम दिसत नाहींत. भाऊ दाजींचे निबंध आज त्या यंत्रांत घातले तर एकही शब्द उसना निघणार नाहीं. आणि तरी भगवानलाल त्यांत बहुधा दिसणार नाहींत.

म्हणून माझ्या मतें विद्वत्प्रकाशनांत पापें दोनच. एक, कामावांचून नांव; दुसरें, नांवावांचून काम. पहिल्याचा बोभाटा पुष्कळ होतो, कारण तें पैसे घेऊन भर बाजारांत चालतें. दुसरें घरांत, प्रयोगशाळेंत, मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्यामध्यें निमूटपणें घडतें, आणि ज्याच्यावर तें घडतें तो बहुधा कृतज्ञच असतो.

डोंगर उतरतांना मीं त्या तरुणाच्या निबंधाविषयीं बोलणें काढलें. निबंधाचा सारा जीव त्यांतील कोष्टकांत होता. कोणत्या शेताला किती पाळ्या मिळाल्या, पाणीपट्टी किती वसूल झाली, शेवटच्या शेतापर्यंत पाणी केव्हां पोंचलें; शेतकरी अशी माहिती उगाच कोणाला देत नाहींत. मीं सहज विचारलें, "हे आंकडे जमविले कोणीं?" तो म्हणाला, "माझ्या एका विद्यार्थिनीनें. तिच्या घरचेही त्याच कालव्याचें पाणी घेतात. दोन हंगाम ती शेताशेतांतून फिरली." निबंध माझ्या पिशवींतच होता. त्यांत तिचें नांव कोठेंही नव्हतें. मी कांहीं बोललों नाहीं. त्यानेंही पुढें पुष्कळ वेळ कांहीं बोलणें केलें नाहीं. पायथ्याशीं आल्यावर त्यानें निबंध मागून घेतला, एका पायरीवर बसला, आणि आपल्या नांवाशेजारीं तिचें नांव लिहिलें. नियतकालिकाचें तें पत्र त्यानें खिशांत ठेवलें तें फाडलें कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. मात्र पैसे त्यानें भरले नाहींत. निबंध त्यानें दुसरीकडे पाठविला. तेथून सहा महिन्यांनीं दोन परीक्षकांचे आक्षेप आले. ते वाचून तो ती मुलगी बरोबर घेऊन पुन्हां कालव्यावर गेला. त्याची बढती अजून व्हावयाची आहे.

श्रोतेहो, त्रिरश्मि डोंगरावरच्या लेखांत राजे आहेत, राण्या आहेत, अमात्य आहेत आणि लेखकही आहेत. दोन हजार वर्षांच्या पावसानें तेथील कांहीं अक्षरें झिजलीं, पण कोणाचें नांव कोणीं मुद्दाम खोडलें नाहीं. आपल्या हातून जें छापलें जाईल त्याच्याविषयीं एवढें तरी म्हणतां यावें: ज्यानें केलें त्याचें नांव येथें आहे, आणि ज्याला तपासावयाचें असेल त्याला दार उघडें आहे.